सबसिडी ३ वर्षांनी वळती होते; तोवर तुमची पूड विकली गेली पाहिजे

तंजावरमध्ये तुम्ही घरी सांबार पूड, लोणची किंवा पापड करून विकत असाल, तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेबद्दल (पीएमएफएमई) एक गोष्ट नक्की ऐकली असेल: ३५ टक्के सबसिडी मिळते. ते खरे आहे. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये. पण ही रक्कम तुमच्या हातात येत नाही. ती कर्ज देणाऱ्या बँकेत तुमच्या नावे वेगळी ठेवली जाते. कर्जाची शेवटची रक्कम मिळाल्यापासून ३ वर्षांनी कर्जखाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ती तुमच्या खात्यात वळती होते.

समजा, प्रकल्प ४ लाखांचा आहे. स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे ४० हजार. उरलेले ३ लाख ६० हजार कर्ज. सबसिडी १ लाख ४० हजार. पूड खपली नाही आणि हप्ते थकले, तर हे १ लाख ४० हजारही गेले असे समजा.

काय बनवायचे, कोणासाठी, पाकीट किती ग्रॅमचे, किंमत किती, तक्रार आली तर कृती बदलायची की पॅकिंग? मोठ्या कंपन्यांत हे ठरवायला पगारी माणसे असतात आणि त्या कामाला प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात. तुमच्याकडे ते काम तुमचेच. ते वर्गात बसून फारसे येत नाही. करून पाहावे लागते आणि जाणत्या माणसाला विचारावे लागते.

असा माणूस योजनेत आहे: जिल्हा संसाधन व्यक्ती. मूळ इंग्रजी मजकुरात त्याच्या कामाला 'हँडहोल्डिंग' म्हटले आहे. मी त्याचे भाषांतर 'मार्गदर्शन' असे करते आणि दर वेळी अडखळते. मूळ शब्दात हात धरून चालवणे आहे. मार्गदर्शन लांबून बोट दाखवूनही होते.

हा फरक मानधनातही दिसतो. मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे या व्यक्तीला शासनाकडून २० हजार रुपये मिळतात. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे नोंदण्या, प्रशिक्षण वगैरे पूर्ण झाल्यावर. तुम्ही त्यांना काहीही द्यायचे नसते. पण पूड दुसऱ्या वर्षी विकली जाते का, यावर त्यांचा एक रुपयाही अवलंबून नाही. त्यात त्यांचा दोष नाही, आखणीच तशी आहे. म्हणून हा प्रश्न तुम्हालाच काढावा लागेल, आणि तोही अर्जावर सही करण्याआधी.

तंजावरकरांची एक सोय मोठी आहे. राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्था, म्हणजे निफ्टेम, याच शहरात आहे. १९६७ साली भात प्रक्रियेच्या संशोधनापासून सुरू झालेली ही संस्था आज या योजनेच्या प्रशिक्षणाचे काम पाहते. तिथे उद्योग उभारणीसाठी इन्क्युबेशन केंद्रही आहे. स्वतःचे यंत्र घेण्याआधी तिथल्या यंत्रावर एखादा घाणा काढून पाहता येईल का, हे विचारा. शुल्क लागले तरी ते फसलेल्या यंत्राच्या हप्त्यापेक्षा कमीच असेल.

बचत गटात असाल तर आणखी थांबून विचार करा. खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी प्रत्येक पात्र सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळू शकते. चाचणीचा माल काढायला मोठे कर्ज लागतेच असे नाही.

योजना २०२० मध्ये आली आणि तिची मुदत वाढवून २०२५-२६ केली गेली. त्यामुळे "आत्ताच अर्ज करा" असा आग्रह होईल. अर्ज जरूर करा. पण पहिल्या भेटीला जाताना ३० पाकिटे विकून पाहिल्याची वही न्या: कोणी घेतले, पुन्हा कोण आले, किती दिवसांनी गुठळ्या झाल्या. आणि लेबलचा नमुनाही. अनेक जण फक्त तमिळमध्ये छापतात. नियमानुसार लेबलवर इंग्रजी किंवा हिंदी मजकूर लागतोच, तमिळ किंवा मराठी त्याच्या जोडीला चालते.