बिनसमुद्राचं बंदर

आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. तिथे समुद्र नाही हे सांगायला नकोच. पण बंदर म्हणून जे काही जिल्ह्याच्या वाट्याला आलंय तेही समुद्रपूरला नाही, आमच्या सेलू तालुक्यात, सिंदी रेल्वेला! बंदर म्हणजे अर्थात ड्रायपोर्ट. २०१७ साली त्याचं भूमिपूजन झालं आणि तेव्हापासून हा शब्द इकडच्या बोलण्यात असा काही रुळलाय की आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर... कुठेही दोन माणसं भेटली आणि जमिनीच्या भावाचा विषय निघाला की ड्रायपोर्ट येतोच.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सिंदी (रेल्वे) हे नागपूर-वर्धा मार्गावरचं गाव, तान्ह्या पोळ्यासाठी विदर्भात नावाजलेलं. ड्रायपोर्ट म्हणजे समुद्रापासून लांब, रुळांच्या काठी बांधलेला बंदराचा एक तुकडा. कंटेनर इथेच भरायचा, कस्टमची तपासणी इथेच, सीलही इथेच. मग तो रेल्वेने सुमारे आठशे किलोमीटरवरच्या न्हावाशेवाला जाणार आणि तिथे न उघडता जहाजावर चढणार. येणाऱ्या मालाचंही तसंच, उलट दिशेने. न्हावाशेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीटीने यासाठी जालना आणि सिंदी या जागा निवडल्या. जालन्याचं भूमिपूजन २०१५ च्या डिसेंबरात झालं, सिंदीचं त्यानंतर. पुढे सिंदीचा प्रकल्प केंद्राच्या मल्टी मोडल लॉजिस्टिक पार्क योजनेत गेला. दीडशे एकर जागा, ६७३ कोटी रुपये, खासगी भागीदारी आणि टप्प्याटप्प्याने बांधकाम.

आता प्रश्न असा की कापूस, सोयाबीन, तूर यांच्यावर जगणाऱ्या आमच्यासारख्या भागात एवढा पैसा बंदरावर घालावा का?

माझं उत्तर, घालावा. पण आधी कशावर आणि नंतर कशावर, या बाबतीत माझं ड्रायपोर्टप्रेमी मंडळींशी भांडण आहे.

त्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग नागपूरला एकमेकांना छेदतात असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात नागपूरपासून सेवाग्रामपर्यंत हे दोन्ही मार्ग एकाच पट्ट्यावरून धावतात, आणि सिंदी नेमकं त्या पट्ट्यावर आहे. (या मार्गाने नेहमी जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मालगाडीला वाट द्यायला म्हणून पॅसेंजर किती वेळ उभी राहते ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.) शिवाय समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. रेल्वेही आहे, रस्ताही आहे. जागेत खोट काढायला वाव नाही.

पण गाडी जवळून जाणं वेगळं आणि आपल्याकडे थांबणं वेगळं. समृद्धीचंच बघा. सेलू तालुक्याच्या शिवारातून गाड्या सुसाट जातात, पण चढायला-उतरायला ठरावीक जागा सोडल्या तर बाकी सगळं बंदिस्त. शेतात उभ्या माणसाला त्या रस्त्याचा उपयोग आवाज ऐकण्यापुरताच. महामार्गाच्या मूळ आराखड्यात कडेने कृषी समृद्धी नवनगरं होती. रस्ता पूर्ण झाला, नवनगरं काही त्याच्या वेगाने आली नाहीत.

गाडी थांबायला कारण लागतं आणि ते कारण म्हणजे माल. जरा हिशेब करून बघू. आकडे ढोबळ आहेत, पण ढोबळ आकड्यांनीही डोळे उघडतात.

कापसाची एक गाठ १७० किलोची. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दीडशेच्या आसपास गाठी बसतात. एक क्विंटल कापूस जिनिंगमधून काढला की ३३-३४ किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस धरा. दीडशे गाठींना साडेसातशे क्विंटल. कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल झाला तर माणूस देवापुढे नारळ फोडतो. म्हणजे एक कंटेनर भरायला शंभर-सव्वाशे एकरांचा कापूस पाहिजे. आणि कंटेनरच्या पूर्ण गाडीवर असे पंचेचाळीस डबे चढतात. एका गाडीला पाच हजार एकर!

तीन-चार एकरवाल्या शेतकऱ्याने या हिशेबात स्वतःला कुठे बसवायचं? तो काही ट्रॅक्टर घेऊन बंदरावर जाणार नाही. त्याच्या आणि कंटेनरच्या मध्ये खेडा खरेदीवाला आहे, अडत्या आहे, जिनिंग आहे, गाठींचा व्यापारी आहे, निर्यातदार आहे. त्याचं शेत रुळाला लागून असलं तरी बंदर त्याच्यापासून तितकंच दूर राहतं. ओळखीचे एक काकाजी या विषयावर एकच वाक्य बोलतात, "पोर्ट व्हईन तं व्हईन बापा, पण कापसाले भाव कोन देईन?" या प्रश्नाला सगळ्या सादरीकरणांत मिळून एक सरळ उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. कंटेनर डेपो ही विदर्भाला नवीन गोष्ट नाही. अजनीला कॉनकॉरचा डेपो वर्षानुवर्षं होता, मग मिहानमध्ये त्यांचंच मोठं केंद्र झालं, आणि बोरखेडीला, म्हणजे सिंदीच्या अलीकडच्याच स्टेशनला, खासगी लॉजिस्टिक पार्क आहे. हे सगळे त्याच मालासाठी हात पुढे करून बसलेत. त्यात कंटेनरचा धंदा दुतर्फा चालतो. भरून गेलेला डबा रिकामा परत आला तर ते भाडं शेवटी मालवाल्याच्याच डोक्यावर बसतं. जिथे आयातही भरपूर तिथे रिकामे डबे आपोआप जमतात आणि निर्यात स्वस्त पडते. जिथे नुसतं पाठवायचं आहे तिथे आधी रिकामा डबा मागवण्याचाच खर्च.

बंदर आधी बांधायचं आणि माल मागाहून येईल म्हणायचं, हा प्रयोग आपल्या शेजारच्या बेटावर झालेला आहे. श्रीलंकेने हंबनटोटाचं बंदर २०१० मध्ये सुरू केलं. पूर्व-पश्चिम जहाजांचा मोठा मार्ग तिथून अगदी जवळून जातो. जागा उत्तम! पण जहाजांना थांबायला कोलंबो होतंच. कर्ज अंगावर, उत्पन्न तुटपुंजं, आणि २०१७ मध्ये ते बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावं लागलं. उलट उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरं नव्हे. सिंगापूरने कंटेनरचा पहिला धक्का १९७२ मध्ये उघडला तेव्हा आपल्याकडे किती कंटेनर येतील याची कुणी हमी दिलेली नव्हती. त्यांचा डाव जमला. पण सिंगापूर त्याआधी दीडशे वर्षं मालाची चढउतारच करत होतं. गोदामं, दलाल, विमा, बँका, हमाल, हिशेबनीस असा सगळा पसारा तयार होता. धक्का त्याच्यावर येऊन बसला.

लांब कशाला जायचं, आपल्या राज्यात बघा. नाशिकची द्राक्षं युरोपात गेली ती दाराशी बंदर होतं म्हणून गेली नाहीत. १९९१ मध्ये महाग्रेप्स उभी राहिली, बागाईतदारांच्या संस्था एकत्र आल्या, प्रीकूलिंग आणि शीतगृहं झाली, कुठलं औषध कधी फवारलं याची नोंद ठेवायची सवय लागली. सोलापूर जिल्ह्यात कंदर-टेंभुर्णीच्या पट्ट्यातली केळी आखाती देशांत जातात. तिथे आधी पॅकहाऊस आले, मग थंड कंटेनर ट्रेलरवर बसून शेताच्या जवळ यायला लागले.

केळी म्हटलं की सेलूच्या माणसाला जरा लागतंच. बोर धरणाच्या पाण्यावर इथे केळीच्या बागा होत्या आणि तालुक्याची ओळख त्या पिकाने होती. बागा कमी होत गेल्या. पाणी, वीज, मजुरी, भाव, ज्याला विचाराल तो वेगळं कारण सांगेल. पण घड कापल्यावर तो थंड ठेवायची सोय नसेल तर व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो, एवढं मात्र सगळे सांगतात. तेव्हा ड्रायपोर्ट असता तर काय फरक पडला असता? माझ्या मते काही नाही. पॅकहाऊस असतं तर पडला असता.

आता ज्या गोष्टीची मला खरी धास्ती वाटते ती. बंदराचं दार दोन्हीकडे उघडतं. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमच्याकडे कापूस फुटून घरात येतो तो काळ! गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर असताना सगळी आस सीसीआयच्या खरेदीवर आणि त्यातल्या ओलाव्याच्या अटीवर येऊन ठेपली. अशा वर्षी सिंदीचं बंदर जोरात चालू असतं तर त्या रुळांवरून काय आलं असतं? परदेशी रुईच्या गाठी याच दाराने हिंगणघाटच्या गिरण्यांपर्यंत पोचल्या असत्या, आणि तेही स्वस्त वाहतुकीत. दारावर राग काढण्यात अर्थ नाही. पण दाराच्या आतल्या बाजूला आपलं काही नसेल तर ते दुसऱ्याच्या सोयीचं होतं.

हे आमच्या जिल्ह्याने एकदा बघितलंय. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती मुख्यतः कापसासाठी. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत होतं. रेल्वेने तो कापूस पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त उचलला, आणि परतीच्या डब्यात विलायती कापड आणलं. साळी-कोष्ट्यांचे माग बसले. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले ते याच जिल्ह्यात, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. असो, तो वेगळा विषय आहे.

तर मग मी 'घालावा' का म्हणतो? कारण ड्रायपोर्ट न होण्याने यातलं काहीच सुटत नाही. शुल्क दिल्लीत ठरतं, भाव आणखी कुठे तरी ठरतो. सिंदीत काही उभं राहिलं तर निदान भांडायला जागा तरी मिळेल. माझं म्हणणं पैशाच्या क्रमाबद्दल आहे. अशा प्रकल्पात पहिला पैसा कुंपण, रस्ता, रुळाचा फाटा आणि काँक्रीटचं आवार यांत जातो, कारण ते दिसतं आणि त्याचा फोटो निघतो. त्याच पहिल्या टप्प्यात तीन गोष्टी याव्यात. एक, लहान मालाची शेड, जिथे शेतकरी कंपनीचे वीस क्विंटल आणि दुसऱ्या कुणाचे पन्नास एकत्र करून एक डबा भरता येईल. दुसरी, तारण पावतीचं गोदाम. वखारीची पावती तारण ठेवून कर्ज काढता यावं यासाठीचा कायदा २००७ चा आहे. ज्याला दिवाळीत पैसे लागतात तो पावती ठेवून कर्ज काढेल आणि माल फेब्रुवारीत विकेल. आणि तिसरी, रुईची तपासणी करणारं यंत्र. धाग्याची लांबी, ताकद, जाडी यांचा कागद शेतकऱ्याच्या हाती असेल तर 'तुमचा माल हलका आहे' हे वाक्य जरा जपून उच्चारलं जाईल.

६७३ कोटींत हा खर्च अगदी किरकोळ आहे. तो आपणहून कुणी करणार नाही, कारण खासगी भागीदाराची कमाई डब्याच्या चढउतारावर आहे आणि डबा कुणाचा याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. हे मागायचं काम आपलं आहे, आणि मागायला संस्थाही आहे. रोजच्या कापूसभावाच्या यादीत हिंगणघाट, पुलगाव यांच्यासोबत 'सिंदी(सेलू)' अशी आमच्या बाजार समितीची ओळ असते. ड्रायपोर्टच्या आवारात त्या समितीला एक शेड हवी, हा ठराव संचालकांनी पुढच्या सभेत घ्यावा. जमिनीचे व्यवहार सगळे होऊन गेल्यावर घेतला तर त्याला कोण विचारणार?