पडद्याविना पार्श्वसंगीत

चित्रपटाचे पार्श्वसंगीत पडद्यावरील दृश्याचे दास्य करण्यासाठीच जन्माला येते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. दृश्य सरले की संगीताचे प्रयोजनही सरले, हा त्याचा पुढचा निष्कर्ष. तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

जॉन विल्यम्स यांचे ‘स्टार वॉर्स’चे (१९७७) संगीत याचे ठळक उदाहरण आहे. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या या संगीताची दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा विल्यम्स यांनी त्यातील तुकडे कथाक्रमाने लावले नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात चढउतार कसे उमटतील, याचा विचार करून त्यांनी नवा क्रम रचला. पुढे १९९७ मध्ये हेच संगीत कथाक्रमानुसार, अधिक विस्ताराने प्रसिद्ध झाले. पहिली आवृत्ती मैफलीसारखी, तर दुसरी दस्तऐवजासारखी. या ध्वनिमुद्रिकेला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००४ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले.

अर्थात ही वाट विल्यम्स यांच्याही आधीची आहे. आयझेनस्टाइन यांच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’साठी (१९३८) सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी संगीत दिले आणि लगेच १९३९ मध्ये त्याच सामग्रीतून वाद्यवृंद व वृंदगानाची सात भागांची स्वतंत्र रचना सिद्ध केली. आज ती मैफलीत चित्रपटाविना सादर होते. दृश्यासाठी लिहिलेले संगीत स्वतःच्या पायावर उभे राहू शकते; मात्र त्यासाठी संगीतकाराने त्याची पुन्हा बांधणी करावी लागते, हा यातला धडा.

याला आक्षेप आहे आणि तो अनाठायी नाही. पार्श्वसंगीताची लांबी संकलकाच्या कात्रीने ठरते. पात्राने दार उघडले की सूर थांबतात. संगीताच्या अंगभूत तर्काला तिथे वाव नसतो. त्यामुळे असे कित्येक तुकडे सलग ऐकताना विस्कळीत वाटतात. परंतु ‘सायको’साठी (१९६०) बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरून जी स्वरसृष्टी उभी केली, ती डोळे मिटून ऐकावी. पडद्यावरील भीतीने झाकून टाकलेली वाद्यांची वीण तेव्हा उलगडू लागते. उत्तम पार्श्वसंगीताची कसोटी हीच मानावी लागेल.

आपल्याकडे ही कसोटी लावण्याची संधीच फारशी मिळालेली नाही. हिंदी चित्रपटाची ध्वनिमुद्रिका म्हणजे गाण्यांची ध्वनिमुद्रिका, हे समीकरण दशकानुदशके टिकले. ‘शोले’च्या (१९७५) संवादांच्याही तबकड्या निघाल्या आणि हातोहात खपल्या, पार्श्वसंगीताला मात्र हे भाग्य क्वचितच लाभले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गीते आणि पार्श्वसंगीत यांचा नियमितपणे वेगवेगळा गौरव होऊ लागला, तोही २००९ या वर्षाच्या पुरस्कारांपासून.

या उपेक्षेची खरी किंमत मोजली ती वादक आणि संगीत संयोजकांनी. मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यवृंदाची बांधणी करणाऱ्यांत गोव्याचे कलावंत मोठ्या संख्येने होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. व्हायोलिनचे ताफे, पाश्चात्त्य स्वरलिपी आणि भारतीय राग यांचा मेळ या मंडळींनी घातला. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावे अनेकदा आलीच नाहीत. पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले असते, तर कोणी काय वाजवले हा प्रश्न रसिकांनी निश्चितच विचारला असता. जे ऐकलेच जात नाही, त्याचा कर्ता शोधण्याची गरज कोणालाच भासत नाही.

इंटरनेटच्या काळात अशा ध्वनिमुद्रिकेसाठी तबकडीच्या खर्चाचे कारण उरलेले नाही. मूळ ध्वनिफिती शोधून, वादकांच्या नामावलीसह त्या रसिकांपुढे आणणे हे निर्माते आणि संगीत कंपन्यांचे काम आहे. ध्वनिफिती कायम टिकत नाहीत आणि त्या सुरांचे साक्षीदार असलेले वादकही. विलंबाला आता सबब नाही.