माध्यम केंद्र कोणाच्या वेळापत्रकानुसार?

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्यात परतते. अशा जिल्ह्यात संगणक, नभोवाणी व मोबाईल यांच्या साहाय्याने शिक्षण आणि रोजगाराचे प्रशिक्षण देणारी सामुदायिक माध्यम केंद्रे निश्चितच उपयुक्त ठरतील. मात्र ती कोणासाठी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत चालणार, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे महत्त्व वारणेच्या अनुभवातून कळते. 1998 मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे 70 गावांना संगणक केंद्रांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. शिक्षण, आरोग्य, शेती असे त्याचे उद्देश व्यापक होते. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यत्वे उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन व बिल यांपुरती उरली. त्यांपैकी सात गावांत पुढे मोबाईल संदेशांनी संगणकाची जागा घेतल्याचा प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या नावावर ऊस होता, त्याला केंद्राचा लाभ झाला. तो ऊस तोडणाऱ्यासाठी मात्र ही व्यवस्था नव्हती.

बीडसारख्याच अवर्षणप्रवण असलेल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याने निराळी वाट दाखविली. म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये महिलांची सहकारी बँक उभी राहिली. 2006 पासून ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योग-प्रशिक्षण, गावोगाव जाणारी प्रशिक्षणाची बस आणि 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र, असा हा क्रम आहे. येथे कर्ज, कौशल्य व माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि प्रशिक्षण स्त्रीच्या दारापर्यंत गेले.

केंद्र शासनाच्या 2006 च्या धोरणानुसार सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी चालविता येते. मात्र अशा केंद्राचा आवाज साधारणतः 10 ते 15 किलोमीटरच पोहोचतो. बीडचे श्रोते हंगामात कित्येक पट दूर, फडाशेजारच्या कोपीत असतात. म्हणून मोबाईलवरील ध्वनिमुद्रित पाठ आणि कामाच्या ठिकाणी भरणारे वर्ग यांची जोड अपरिहार्य आहे. सविस्तर प्रशिक्षण पावसाळ्याच्या चार महिन्यांत, मजूर गावी असताना, द्यावे लागेल.

मुलांसाठी राज्य शासनाने 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. ती मुले गावाकडे राहिली, तर माध्यम केंद्र त्यांची शाळेनंतरची अभ्यासिका होऊ शकेल आणि दूरच्या आई-वडिलांशी बोलण्याचे ठिकाणही.

तथापि, केवळ संगणकाचे प्रमाणपत्र उचलीची परतफेड करू शकत नाही. प्रशिक्षणानंतर कर्ज आणि बाजारपेठ मिळाली नाही, तर पुढल्या हंगामी तीच स्त्री पुन्हा ट्रॅक्टरवर चढेल. म्हणून आपल्या धर्मग्रामांतील संस्थांनी वा शासनाने असे केंद्र उभारताना किती जण शिकले, एवढ्यावर समाधान मानू नये. किती कुटुंबांना त्या वर्षी उचल घ्यावी लागली नाही, हीच त्याच्या यशाची खरी कसोटी ठरावी.