बालेवाडीचा नीलकंठ

आमच्या शनिवार पेठेतल्या अमृततुल्यासमोर दर रविवारी सकाळी एक ठरलेलं भांडण असतं. मेस्सी मोठा की रोनाल्डो? हिंजवडीत कोड पाडणारे, बँकेत बसणारे, सीएची फायनल तिसऱ्यांदा देणारे... सगळे या विषयातले तज्ज्ञ! शनिवारी रात्री जागून मँचेस्टर नाहीतर माद्रिद बघायचं आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी त्यावर प्रवचन द्यायचं. फक्त 'पुण्याचा क्लब कोणता?' असं कुणी विचारलं, की सगळे चहाच्या ग्लासात बघायला लागतात.

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका रविवारी हे भांडण झालंच नाही. आमच्यातला एकजण मोबाइल नाचवत आला. बातमी रायन विल्यम्सची होती. पर्थमध्ये जन्मलेला, बेंगळुरू एफसीकडून खेळणारा, आई मूळची मुंबईची. भारताकडून खेळायचं म्हणून पठ्ठ्यानं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं होतं. बातमीत खाली एक ओळ होती: याआधी असं अराता इझुमीनं केलं होतं.

"अरे, आपला अराता!" तीन-चार जण एकदमच ओरडले.

मला गंमत वाटली ती त्या 'आपला'ची. मेस्सीसाठी गळे काढणाऱ्या या पोरांनी त्याला कधी 'आपला' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जे लोक नोकरीसाठी नंतर पुण्यात आले, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. २००७ मध्ये अशोक पिरामल ग्रुपनं पुणे एफसी सुरू केला. टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. (लिझर्ड म्हटल्यावर आम्हा पेठेतल्या पोरांना सिंहगडावरची यशवंती घोरपडच आठवायची, त्यामुळे नाव लगेच पटलं!) २००९-१० मध्ये क्लब आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी तिसरा. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा. २०१४ मध्ये तर चक्क एएफसी कपमध्ये. आणि २००९ पासून या टीमच्या मिडफिल्डमध्ये सतत पळत असलेला माणूस म्हणजे अराता.

मी तेव्हा शाळेत होतो. माझा आतेभाऊ, म्हणजे सगळ्या वाड्याचा दादा, नुकताच नोकरीला लागला होता. त्याच्या बाइकवर आम्ही ट्रिपल सीट बालेवाडीला जायचो. (मामांनो, माफ करा. आता हेल्मेट घालतो.) घरी सांगायचं, क्लासला चाललोय. विद्यापीठ चौक ओलांडला की पुणे संपलं असं वाटणारे आम्ही, त्यामुळे बालेवाडी म्हणजे जवळजवळ परगावच. स्टेडियम एवढं अवाढव्य आणि माणसं इतकी कमी, की खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका स्टँडमध्ये ऐकू यायच्या. आमच्या हाकासुद्धा त्यांना ऐकू जात असणार! टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये ही सोय नाही.

अराताचा फंडा साधा होता. चेंडू पायाशी असो नसो, पळायचं. दादा म्हणायचा, "याच्याकडं बघ. कुणी बघत नसताना काम कसं करायचं, ते शीक." मी ते शिकलो नाही. आज डेडलाइनच्या दिवशी सकाळी हा कॉलम लिहितोय, त्यावरून कळलंच असेल.

वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानमधल्या यामागुची प्रांतातला. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळायला भारतात आला, तिथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडला, मग पुण्यात. भारताकडून खेळायची त्याची इच्छा होती, पण डिसेंबर २००८ मध्ये सरकारचा नियम आला होता: देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे जपानचा पासपोर्ट परत करायचा. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, जपानी पासपोर्ट म्हणजे काय चीज आहे ते!

२०१२ मध्ये त्यानं तो सोडला. नव्या पासपोर्टवर नाव आलं नीलकंठ खंभोळजा. ६ फेब्रुवारी २०१३ ला कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. वय तीस. आपण २-४ हरलो, पण त्याचं काय! दुसऱ्या दिवशी दादानं घरात मोठ्यानं बातमी वाचून दाखवली, तेव्हा आजी निवडत असलेल्या मेथीतून मान वर करून म्हणाली, "नीलकंठ? ओंकारेश्वरापाशी राहतो तोच का रे?"

पुढं काय झालं, ते पुण्यात कुणाला फारसं आठवायला आवडत नाही. २०१५ मध्ये पिरामल ग्रुप बाहेर पडला आणि पुणे एफसी संपला. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी २०१५ ला आला आणि एकाच सीझनमध्ये गेला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. पाच वर्षांत तीन क्लब! अराता कोलकात्याला जाऊन २०१६ मध्ये पुणे सिटीकडून पुन्हा बालेवाडीत खेळून गेला. नंतर तो कोच झाला, रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या पोरांना शिकवू लागला. आमच्याकडे ना क्लब उरला, ना शिव्या घालायला मॅनेजमेंट.

"पण मला सांगा, मिळालं काय त्याला?" सीएवाला हिशेबाला बसला. "मोजक्या मॅचेस. त्यासाठी जपानचा पासपोर्ट? बॅलन्स शीट जमत नाही यार."

कुणी म्हणालं, येडेपणा. कुणी म्हणालं, याला म्हणतात प्रेम. आवाज वाढले तसा मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो टोरंटोत असतो. तिकडे शनिवारचे रात्रीचे अकरा वाजलेले. मोबाइल सगळ्यांसमोर फिरवला, बातमी सांगितली. तो हसला आणि मग जरा वेळ काहीच बोलला नाही.

"दादा, आवाज येतोय ना?"

"येतोय रे. पुढच्या महिन्यात माझी शपथ आहे. कॅनडाच्या नागरिकत्वाची. आईला अजून सांगितलं नाहीये."

कट्टा गप्प. दहा वर्षं झाली त्याला जाऊन. वहिनीची नोकरी तिकडे, मुलीची शाळा तिकडे. प्रत्येक गोष्ट बरोबरच. आमच्यातल्याही दोघांचे अर्ज तिकडेच गेलेत, त्यामुळे शहाणपणा शिकवायला कुणाचीच जीभ उचलेना.

शेवटी सीएवाल्यानंच विचारलं, "मग दादा, अराता येडा की शहाणा?"

"त्याला इथं खेळायचं होतं, त्यासाठी लागेल ते त्यानं दिलं. मला तिथं राहायचंय, मी पण देतोय. फरक एवढाच, की त्यानं सोडला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. माझ्या वेळी आई रडणार." मग एकदम म्हणाला, "ऐक ना, माझी पुणे एफसीची जर्सी घरी असेल का? बघशील?"

मला वाटलं, आत्यानं एव्हाना तिचं पुसणं केलं असणार. घरी जाऊन विचारलं, तर आत्या काही न बोलता उठली आणि लोखंडी ट्रंकेतून स्वेटरखाली ठेवलेली घडी काढून दिली. विटलेली, पण इस्त्री केलेली. "पाठवायचीय का त्याला?" तिनं विचारलं. आणि मग, "तो आता तिकडचाच होणार ना? मला कळत नाही असं वाटतं त्याला." ती रडली नाही. जर्सीच्या घडीत तिनं भाजणीची पुडी ठेवली.

सोमवारी कुरिअरवाल्यानं फॉर्म पुढं केला. "आत काय आहे?"

"जुना टी-शर्ट आणि भाजणी."

"टी-शर्टची किंमत किती लिहू?"

क्लब बंद, दुकानात मिळत नाही, त्या मापात आता दादा मावतही नाही. मी म्हटलं, "लिहा शंभर रुपये."