पत्रे रंगवण्याआधी थोडी जयणा



अक्षय तृतीया झाली, वर्षीतपाची पारणी आटोपली की आपल्या घरांत पावसाळ्यापूर्वीच्या कामांची यादी निघते. गहू-डाळी भरायच्या, गाद्यांना ऊन दाखवायचं आणि मागच्या पडवीचे पत्रे रंगवायचे. आज त्या पत्र्यांबद्दलच लिहिते आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी म्हणते ते लोखंडी पत्रे नव्हेत, करड्या रंगाचे, नालीदार सिमेंटचे पत्रे. नगर जिल्ह्यात ते कुठे नाहीत? अडत दुकानांच्या गोदामांवर, गोठ्यांवर, जुन्या वाड्यांच्या मागच्या पडव्यांवर आणि कांद्याच्या चाळींवरही आहेत. लोखंडी पत्रा तापतो आणि खाली कांदा सडतो, म्हणून शेतकरी सिमेंटचा पत्रा घेतात. आमच्या पडवीला तर वर पत्रा आहेच, पश्चिमेच्या झडीसाठी बाजूची भिंतही पत्र्याचीच आहे. सासऱ्यांनी 1978 साली बसवलेली.

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, पण नुसत्या सिमेंटचा एवढा पातळ पत्रा उभाच राहणार नाही. त्याला ताकद देण्यासाठी साधारण आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस घातलेलं असतं. हा खनिजाचा तंतू आहे, डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक. पत्रा धड आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेला राहतो आणि खाली राहणाऱ्यांना धोका कमी असतो. पत्रा घासला, कापला, भोक पाडलं, फोडला की तंतू सुटून हवेत जातो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात रुतून बसतो. दुखणं मात्र वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतं.

हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. पडवी रंगवायला एक रंगारी आणि त्याच्या हाताखालचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला होता. मुलगा दिवसभर पत्र्यांवर कोरडा तारेचा ब्रश मारत होता. पांढरी धूळ खाली अंगणात पडत होती. मी त्याला दोनदा चहा दिला. तो म्हणाला, "काकू, नाकात फार जातंय." मी म्हटलं, "रुमाल बांध." आणि संध्याकाळी मीच खराटा घेऊन ती धूळ झाडली.

दिवाळीत पुण्याहून सूनबाई आली तेव्हा बोलता बोलता तिने हे सगळं समजावलं. मी नंतर वाचत गेले तशी झोप उडाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवलं आहे. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि बायकांमध्ये बीजाशयाचासुद्धा. 1965 साली लंडनमध्ये एक अभ्यास झाला. त्यात या रोगाच्या काही बायका अशा निघाल्या की त्या कधी कारखान्यात गेल्याच नव्हत्या. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धूत होत्या, एवढंच.

तो मुलगाही त्या दिवशी तेच कपडे घालून घरी गेला. ते कुणी धुतले असतील?

आपण पाणी गाळून पितो, रात्री चूल पेटवत नाही, सामायिकात मुहपत्ती बांधतो की वायुकायाच्या जीवांना आपल्या श्वासाचाही त्रास होऊ नये. आणि माझ्याच अंगणात एका पंचेंद्रिय जीवाच्या छातीत मी धूळ भरू दिली. जाणूनबुजून नाही, हे खरं. पण अजाणतेपणी होणारी हिंसा टळावी म्हणूनच तर जयणा सांगितली आहे. आता मला माहीत झालं आहे, त्यामुळे पुढच्या वेळी ती सबब चालणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. पत्रे धड असतील तर ते घाबरून काढू नका. काढताना ते फुटतात आणि जास्त तंतू सुटतात. नीट रंगवलेला पत्रा वर्षानुवर्षं बंदिस्त राहतो. ऊन-पावसाने सिमेंट झिजून तंतू उघडे पडतात, त्यावर रंगाचा थर हे चांगलं पांघरूण आहे. मात्र रंगवण्याची आपली पद्धत बदलायला हवी. पत्रा हाताला भुसभुशीत लागत असेल, पापुद्रे सुटत असतील, जागोजागी तडकला असेल, तर रंगावर पैसे घालवू नका. तो जाणकार माणसाकडून बदलूनच घ्यावा लागेल. काही नवे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. जुना असेल तर आहेच असं धरून चाला.

यंदा आम्ही केलं ते असं. काम भर उन्हाळ्यात काढलं, कारण तेव्हा पत्र्यावरचं शेवाळ, आपली लीलन-फूलन, वाळून गेलेली असते. पावसाळ्यानंतर काम काढलं तर त्या अनंतकायाची विराधना होते. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि जोराच्या पाण्याचं यंत्र, चारही गोष्टींना ठाम नकार दिला. फवारणीचा नवा पंप आणला, औषध मारलेला नव्हे. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून पत्रा हलकेच भिजवला आणि ओला असतानाच मऊ ब्रशने व फडक्याने पुसला. मळ ओलाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. खाली ताडपत्री होती, तीही ओल्या फडक्याने पुसली. खराटा लावला नाही.

पत्रा वाळल्यावर सिमेंटच्या क्षाराला टिकणारा प्रायमर आणि वरून पाण्यात कालवायच्या बाहेरच्या रंगाचे दोन हात दिले. ऑइल पेंट सिमेंटच्या क्षाराने सुटतो, म्हणून तो नको. छपराला पांढरा रंग घेतला, त्याने उन्हाळ्यात खालची उष्णताही कमी होते.

रंगाऱ्यांना साधा मास्क नव्हे, दोन बाजूंना फिल्टर असलेला पी-100 मास्क आणून दिला. रुमाल किंवा मुहपत्तीचं कापड या तंतूला अडवत नाही. कामाचे कपडे आमच्याकडेच बादलीत बुडवून वेगळे धुतले. आणि पत्र्यावर थेट पाय ठेवू दिला नाही. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक मोडतो. आधाराच्या लाकडांवर फळ्या टाकून त्यावरूनच काम केलं.

या सगळ्याला दोन दिवसांची जास्त मजुरी आणि मास्कचे पैसे लागले. आमचे हे म्हणाले, "एवढ्याशा पडवीला इतका खर्च?" मी बी.कॉम. झालेली बाई, हिशोब मलाही कळतो. त्यांना म्हटलं, खर्च गेल्या वर्षीही झाला होता, फक्त तो आपल्या वहीत न पडता त्या मुलाच्या नावे पडला. दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेल्या देण्याला बचत म्हणत नाहीत. ते काही बोलले नाहीत, पण फळ्या स्वतः आणून दिल्या.

आता जरा कडू बोलते. आपल्याकडे जुने पत्रे उतरवले की गड्याला, कामवाल्या बाईला किंवा गोशाळेला देऊन टाकायची पद्धत आहे. मीही दिलेले आहेत. तेवढंच पुण्य, असं मनात असायचं. एक मैत्रीण म्हणाली, "गरिबाच्या डोक्यावर छप्पर तर येतं ना?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण तो माणूस ते पत्रे आपल्या झोपडीच्या मापाने करवतीने कापणार, खिळ्यासाठी भोकं पाडणार, आणि त्याची लेकरं शेजारी खेळत असणार. जे आपण आपल्या नातवाच्या डोक्यावर ठेवणार नाही, ते दुसऱ्याला दिलं तर त्याला दान म्हणता येईल का? मला वाटतं नाही. द्यायचंच असेल तर त्याला दोन लोखंडी पत्र्यांचे पैसे द्यावेत.

मग फुटक्या पत्र्यांचं काय करायचं? कायद्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. नगर-पुणे रस्त्यावर रांजणगाव एमआयडीसीत अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे. पण घरातल्या दोन तुकड्यांसाठी तिथवरची वाट आपल्याला कोण दाखवणार? आमचे तुकडे ओले करून, दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून, वर चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवले आहेत. घंटागाडीत टाकले नाहीत, कारण तिथेही ते हाताने फोडणारा कुणीतरी माणूसच असतो. नगरपालिकेने वर्षातून एकदा तरी असे पत्रे वेगळे गोळा करावेत, असा अर्ज आमच्या महिला मंडळाने द्यावा, हा माझा आग्रह आहे.

1995 साली अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचं आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क मानला. तो निकाल कारखान्यातल्या कामगारांसाठी होता. आपल्या पडवीवर चढणाऱ्या पोराकडे ना हजेरीपट असतो ना तपासणीचा कागद. त्याची काळजी घेणारी त्या दिवशी तिथे फक्त घरची बाई असते.

चातुर्मासाआधी आपल्या स्थानकाच्या स्वयंपाकघराचे पत्रेही रंगवायचे ठरले आहेत. ठेकेदार ग्राइंडरने साफ करून देतो म्हणाला आहे. बैठकीत मी विरोध करणार आहे. तुमच्यापैकी दोघी-चौघी बरोबर बोलल्या तर काम होईल.

तो मुलगा यंदा आला नाही, दुसऱ्या गावी कामाला गेला म्हणे. रंगाऱ्याकडे त्याच्यासाठी एक मास्क देऊन ठेवला आहे. संवत्सरीला ज्यांची क्षमा मागायची, त्यात या वर्षी त्याचंही नाव आहे.

जय जिनेंद्र.