गाय माजावर आल्याचं मोबाईल सांगणार? गळ्यातल्या पट्ट्यामागचं विज्ञान आणि हिशेब

मध्यरात्री गोठ्यात एक गाय अस्वस्थ होते. हंबरते, फेऱ्या मारते, दुसऱ्या गाईवर उडते. घरातले सगळे झोपेत असतात. सकाळी धारेच्या वेळी मात्र ती शांत उभी असते. माज येऊन गेला, पण कुणाच्या लक्षातच आला नाही. आता पुढच्या माजासाठी साधारण 21 दिवस थांबायचं.

हीच अडचण सोडवण्यासाठी गाईच्या गळ्यात, पायात किंवा कानात सेन्सर बसवले जात आहेत. पण ते काम कसं करतात? आणि दोन-चार गाई असलेल्या शेतकऱ्याला ते परवडणारे आहेत का?

एक माज चुकला तर काय बिघडतं?

वर्षाला एक वेत मिळावं, असं गणित मांडलं जातं. गाईचा गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा. म्हणजे व्यायल्यानंतर 85 दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्यातले पहिले 45 ते 60 दिवस गर्भाशय पूर्ववत होण्यात जातात. उरतात फार तर 40 दिवस, म्हणजे जेमतेम एक-दोन माज.

त्यातला एक हुकला की पुढचं वेत तीन आठवडे लांबतं. हे दिवस वाढतात ते वेताच्या शेवटी, जेव्हा दूध कमी झालेलं असतं किंवा गाय आटलेली असते. चारा-खुराकाचा रोजचा खर्च समजा 200 रुपये धरला, तर एका गाईमागे 4,200 रुपये होतात. बदल्यात दूध नगण्य.

सेन्सर नेमकं काय ओळखतो?

माजावरची गाय जास्त चालते, कमी खाते आणि कमी रवंथ करते. पट्ट्यातला सेन्सर ही हालचाल मोजत राहतो आणि त्याच गाईच्या नेहमीच्या दिवसांशी तिची तुलना करतो. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मोबाईलवर सूचना येते. काही यंत्रणा दुधातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासतात. माजाच्या काळात त्याचं प्रमाण अगदी कमी झालेलं असतं.

ही कल्पना नवी नाही. इस्रायलमधल्या अफिकिम किबुत्झमधून पुढे आलेल्या अफीमिल्क कंपनीने गाईंची पावलं मोजणारी यंत्रणा 1980च्या दशकातच आणली. भारतात बंगळुरूच्या स्टेलॅप्स कंपनीनेही असा पट्टा तयार केला आहे.

वेळ कळण्याला महत्त्व आहे, कारण बीजांड माज संपल्यानंतर साधारण 10 ते 12 तासांनी सुटतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम पडला. माज सुरू कधी झाला हे सेन्सरमुळे कळलं, तर हा अंदाज अधिक नेमका होतो.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण दाव्याची. हालचाल मोजणाऱ्या यंत्राला हालचाल हवी. दिवसभर बांधलेल्या गाईची पावलं वाढणार कशी? महाराष्ट्रात अनेक पशुपालकांनी स्वीकारलेल्या मुक्त संचार गोठ्यात हे तंत्र जास्त उपयोगी पडतं.

दुसरी अडचण म्हशींची. त्यांच्यात मुका माज जास्त, म्हणजे बाहेरून लक्षणं फारशी दिसतच नाहीत. उन्हाळ्यात तर आणखी कमी. गाईंवर बेतलेला सेन्सर म्हशींना जसाच्या तसा लागू पडेल, असं गृहीत धरता येत नाही.

तिसरी अडचण पुढच्या साखळीची. पहाटे सूचना आली, पण रेतन करणारा वेळेत पोहोचलाच नाही किंवा रेतमात्रा नीट साठवलेली नसली, तर पट्ट्याचा उपयोग शून्य. शिवाय लंगडणारी किंवा आजारी गाय माजावर आली तरी फारशी हिंडत नाही. त्यामुळे सूचना आली नाही म्हणजे माज नाही, असंही नसतं.

लहान शेतकऱ्याने काय करावं?

पन्नास गाईंच्या गोठ्यात प्रत्येकीवर डोळा ठेवणं माणसाला जमत नाही, तिथे खर्च वसूल होण्याची शक्यता जास्त. दोन गाईंच्या दारात चित्र वेगळं आहे. तिथे पहाटे आणि रात्री उशिरा वीस-वीस मिनिटं निरीक्षण, आणि माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून 18व्या दिवसापासून लक्ष ठेवणं, हा बिनखर्चाचा उपाय आहे. दूध संघाने पट्टे आणि रेतनसेवा एकत्र, भाड्याने दिली तर हे तंत्र लहान गोठ्यापर्यंतही पोहोचू शकतं.

पट्टा विकायला कुणी दारात आलं, तर किमतीआधी दोन प्रश्न विचारा: माझी गाय बांधलेली असते, तरी हा चालेल का? आणि सूचना आल्यावर रेतनाला कोण, किती वेळात येणार?