घरगुती वस्तूंचा घसारा कोणी भरावयाचा?

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीत एका यंत्रमाग कामगाराच्या घरी जाण्याचा योग आला. हा माझा जुना विद्यार्थी. पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडून तो वडिलांच्या जागी मागावर उभा राहिला. परंतु 'सर' म्हणून येणेजाणे त्याने आजतागायत राखले आहे. दोन खोल्यांच्या त्या घरात तीन पिढ्यांच्या तीन वस्तू एकाच भिंतीला लागून होत्या : आजीच्या लग्नातला सागवानी नवारीचा पलंग, वडिलांनी बोनसच्या पैशांतून घेतलेले लोखंडी कपाट आणि त्याने स्वतः हप्त्यांनी घेतलेला फ्रीज. पलंगाची नवार आजवर तीन वेळा बदलली, कपाटाला दोनदा रंग दिला. दोन्ही वस्तू धडधाकट आहेत. फ्रीज मात्र सातव्या वर्षी बंद पडला होता आणि त्यात मुलांची गेल्या इयत्तेची पुस्तके ठेवलेली होती.

चौकशी करता कळले, की फ्रीजचा कॉम्प्रेसर शाबूत होता, दार शाबूत होते, गळती कोठेच नव्हती. बिघडले होते ते तळहाताएवढे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड. कंपनीच्या दुरुस्ती केंद्राने सांगितले, "ह्या मॉडेलचे कार्ड आता येत नाही. नवा घ्या, जुन्याचे हजार रुपये वजा करू." माझा विद्यार्थी म्हणाला, "नशीब आपलं, सर. दुसरं काय?"

मला हे उत्तर मान्य होण्याजोगे नव्हते. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविताना 'घसारा' हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल, त्याची गणती नाही. यंत्र वापराने झिजते, काही वर्षांनी ते बदलावे लागते. म्हणून त्याची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी उत्पन्नातून वजा करावयाची, हे तत्त्व. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात वस्तूंची उपयुक्त आयुष्ये चक्क लिहून दिली आहेत : फर्निचर १० वर्षे, कचेरीतील उपकरणे ५ वर्षे, सर्वसाधारण यंत्रसामग्री १५ वर्षे. १९६२ च्या आयकर नियमांनी तर ह्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून फर्निचरवर दरसाल १० टक्के आणि यंत्रांवर १५ टक्के वजावट दिली. म्हणजे कंपनीच्या कचेरीतील खुर्ची झिजली, तर तिची दखल सरकार घेते. कामगाराच्या घरातली खुर्ची झिजते, ती कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही.

ती नोंदली जावयास हवी होती मजुरीच्या वहीत. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे जे निकष ठरविले, ते आपल्या चळवळीतील जुन्या मंडळींना तोंडपाठ आहेत. कमावत्या माणसामागे तीन उपभोग-घटक, प्रत्येकी २७०० कॅलरींचा आहार, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे; आणि इंधन, दिवाबत्ती व 'इतर' खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्यात शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण, लग्नकार्ये ह्यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. ह्या सबंध यादीत घरातील टिकाऊ वस्तूंना स्वतंत्र जागा नाही. त्यांनी दिवाबत्तीच्या शेजारी, 'इतर' ह्या तीन अक्षरी शब्दाखाली मावावयाचे आहे. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली; तिच्या नियमांचा जो मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यातही वारांचे मीटर झाले, चौकट तीच राहिली.

१९५७ च्या परिषदेला ह्याबद्दल दोष देता येणार नाही. त्या काळच्या कामगाराच्या खोलीत होते काय? एक पत्र्याची ट्रंक, एक स्टोव्ह, फार तर एक खाट, आणि फळीवर तांब्या-पितळेची भांडी. स्टोव्हचा वायसर बदलता येई, भांड्यांना कल्हई करता येई. पितळेचा हंडा अगदी फुटला, तरी वजनावर त्याची मोड येई. हंडा ही वस्तू होती तशी ती बचतही होती, अडीअडचणीला गहाण पडणारी. आज त्या फळीच्या जागी मिक्सर आला, कोपऱ्यात वॉशिंग मशीन आले. ही चैन आहे असे मी मुळीच मानत नाही. नवराबायको दोघेही कामावर जातात त्या घरात धुण्याचे यंत्र म्हणजे बाईच्या दिवसातला एक तास होय. परंतु ह्या वस्तू मोडीत गेल्या म्हणजे त्यांचे जवळजवळ काहीच उरत नाही, आणि त्या मोडीत लवकर जातात.

किती लवकर, ह्यावर मजुरीचा हिशेब कसा फिरतो ते पाहा. अठरा हजारांचा फ्रीज पंधरा वर्षे चालला, तर त्याचा घसारा महिन्याला १०० रुपये पडतो. तोच फ्रीज सहा वर्षांत टाकावा लागला, तर महिन्याला २५० रुपये. ह्यात हप्त्यांवरचे व्याज धरलेले नाही. ('शून्य टक्के व्याज' अशी काही चीजच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावले होते.) एका फ्रीजपायी महिन्याला दीडशे रुपयांची ही गळती; तीत धुण्याचे यंत्र, मिक्सर, पंखे, पाण्याची मोटर, पलंग धरला की आकडा तीन-चारशेवर सहज जातो. मजुरीच्या करारात दरमहा एवढी वाढ पदरात पाडण्यासाठी किती दिवस माग बंद ठेवावे लागतात, हे ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको.

आणि ही मजुरीकपात महागाईच्या आकड्यांत दिसतही नाही. ग्राहक किंमत निर्देशांक दुकानातील किंमत मोजतो. वस्तू घरात किती वर्षे नांदली, हे तो मोजत नाही. फ्रीजची किंमत स्थिर राहिली आणि आयुष्य निम्मे झाले, तर निर्देशांकाच्या लेखी महागाई शून्य. कुटुंबाच्या लेखी तीच वस्तू दुप्पट महाग. मग महागाई भत्त्यात तिचे प्रतिबिंब पडावे तरी कसे?

वस्तूंचे आयुष्य असे कमी का झाले, ह्याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हा येथे ओस्राम, फिलिप्स इत्यादी दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला आणि घरगुती विजेच्या दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे दिवे बाजारात होते. ज्याचा दिवा ठरल्याहून अधिक काळ जळे, त्या सभासदाला दंड होई. डाव्या व्यासपीठांवर ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मात्र तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. दिव्याची तार जितकी तापवावी, तितका तेवढ्याच विजेत अधिक उजेड मिळतो आणि तार लवकर जळते. म्हणून १००० तास ही तडजोड गैरवाजवी नव्हे, असे ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये म्हटले होते. युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. परंतु निवड जर ग्राहकाच्या हिताचीच होती, तर अधिक टिकणारा दिवा करणाऱ्यास दंड कशासाठी? ग्राहकाला दोन्ही दिवे दाखवून त्याला ठरवू द्यावयाचे होते.

आजच्या फ्रीजबाबतही कारखानदार हेच सांगतात, की नवे यंत्र वीज कमी खाते. खरे आहे, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. मात्र वीज वाचविणारा कॉम्प्रेसर आणि दोन वर्षांत बाजारातून नाहीसे होणारे कार्ड, ह्यांची सांगड निसर्गनियमाने घातलेली नाही. तीच गोष्ट फर्निचरची. लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेल्या फळीचे कपाट पहिल्या वर्षी सागवानाहून देखणे दिसते. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात, बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की पुन्हा धरत नाही, आणि सुतार हात लावावयास तयार होत नाही, कारण त्या फळीला रंधा लावता येत नाही. सागाचे कपाट सर्वांना परवडावे इतका साग जंगलात नाही, हेही मान्य. पण लोखंडी कपाट, बांबू, साध्या चौकटीची खाट हे पर्याय होते आणि आहेत. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. माझ्या मते गरजवंताला अक्कल पुरेशी असते, एकरकमी पैसा नसतो.

ह्या बाबतीत नुसता नफ्याकडे बोट दाखवून भागणार नाही, हे सांगणारे एक उदाहरण पूर्व जर्मनीचे. तेथे श्वेप्निट्झ गावच्या कारखान्यात १९८० ते १९९० ह्या काळात 'सुपरफेस्ट' नावाचे पाणी-बिअर पिण्याचे पेले होत. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमच्या कणांची जागा पोटॅशियमच्या मोठ्या कणांना देऊन ती कणखर केलेली असे. असे सुमारे बारा कोटी पेले तयार झाले. पश्चिमेकडील व्यापाऱ्यांनी मात्र त्यांत रस घेतला नाही. पेले फुटतात म्हणून तर त्यांची दुकाने चालतात. जर्मनीच्या एकीकरणाबरोबर हे उत्पादन बंद पडले. काच कणखर करण्याचे तेच तत्त्व पुढे मोबाइल फोनच्या पडद्यासाठी जगभर वापरात आले, हा आणखी एक विनोद. अर्थात ज्या देशाने हा पेला केला, त्याच देशात साध्या मोटारगाडीसाठी माणसे वर्षानुवर्षे रांगेत होती. तेव्हा तेथले सारेच वाखाणण्याचे कारण नाही. एवढेच दिसते, की टिकाऊ वस्तू करण्याची विद्या माणसाकडे आहे. ती वापरावयाची की नाही, हे विकणारा ठरवितो.

ह्यावर कोणी कार्यकर्ता म्हणेल, वस्तू टिकू लागल्या तर कारखान्यांतील कामगारांनी काय करावे? हा प्रश्न नवा नाही. १९३२ च्या मंदीत बर्नार्ड लंडन नावाच्या एका अमेरिकी गृहस्थाने असे सुचविले होते, की वस्तूंचे आयुष्य सरकारनेच ठरवून द्यावे आणि मुदत संपलेल्या वस्तू नष्ट कराव्यात, म्हणजे रोजगार वाढेल. खिडक्या फोडून काचवाल्याला काम देण्याचाच हा प्रकार. काचवाल्याला मिळालेला रुपया घरमालकाच्या दुसऱ्या कोणत्या तरी खर्चातून कापलेला असतो, हे त्यात विसरले जाते. शिवाय दुरुस्ती हेही कामच आहे, आणि ते गल्लीत होते. आमच्या गावात त्याचा पुरावा रोज खडखडत असतो. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले साधे माग येथे आणून दशकानुदशके चालविले गेले. का? धोटा, पिकर, गिअर, सगळे सुटे भाग जवळपासच्या फाउंड्रीत ओतून मिळतात, आणि माग जुळविणारा जॉबर हाकेच्या अंतरावर आहे. मालकाचे यंत्र चाळीस वर्षे जगविण्याची व्यवस्था ज्या गावात आहे, त्याच गावात कामगाराचा फ्रीज सातव्या वर्षी पुस्तकांचे कपाट होतो.

फ्रीजची हकिगत अपुरी राहिली. शेजारच्या गल्लीत आय.टी.आय. झालेला एक तरुण पंख्यांच्या मोटरी गुंडाळून देतो. त्याने ते कार्ड उघडले, एक जळालेला कपॅसिटर आणि एक रिले बदलला, आणि साडेचारशे रुपये घेतले. फ्रीज पुन्हा चालू आहे. त्या तरुणाकडे कार्डाचा नकाशा नव्हता, अंदाजाने केले. कंपनी तो नकाशा देत नाही. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय धरले आहेत, त्यांत लोहार, सुतार, कुलपे करणारा आहे. पण मोटर गुंडाळणारा नाही.

युरोपीय संघात २०२१ पासून फ्रीजचे प्रमुख सुटे भाग किमान सात वर्षे आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षे उपलब्ध ठेवणे कारखानदारावर बंधनकारक आहे. फ्रान्सने तर २०१५ साली मुद्दाम अल्पायुषी वस्तू करणे हा कैदेस पात्र गुन्हा ठरविला आणि २०२१ पासून वस्तूवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात एक पोर्टल उघडले. दुरुस्तीयोग्यतेच्या गुणांकनासाठी २०२४ मध्ये दुसरी समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. समित्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. फ्रीजवर वीजबचतीचे तारे २००६ पासूनच्या योजनेने लागले; त्याच चिठ्ठीवर अपेक्षित आयुष्य आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे दोन आकडे छापावयास कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

ही मागणी ग्राहक संघटनांवर सोडून देऊ नये. ती वेतनाची मागणी आहे, आणि म्हणून ती युनियनच्या मागणीपत्रात 'गृहोपयोगी वस्तूंचा घसारा' अशा स्वतंत्र शीर्षकाखाली आली पाहिजे. त्यासाठी आकडे लागतील, आणि ते आपल्याला कोणी आयते देणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील शंभर घरांत जाऊन फक्त चार गोष्टी विचाराव्यात : वस्तू कोणती, केव्हा घेतली, केव्हा बंद पडली, कशामुळे. मी दोनशे पानी वही माझ्या विद्यार्थ्याच्या हाती दिली आहे. पहिली ओळ त्याने स्वतःच्याच घरची लिहिली : फ्रीज, सात वर्षे, कार्ड.